डबा रिकामा धाडू नये

खामगाव,
१४ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाई,

नमस्कार. सकाळची संग्रामपूरची गाडी आज चक्क वेळेवर आली आणि कंडक्टरभाऊंनी तुमची पिशवी गोपालच्या हातात दिली. वांगी, सांभाराच्या दोन जुड्या आणि तुमचं नाव घातलेला स्टीलचा डबा, वरपर्यंत तूप. सांभार इतका ताजा होता की आमच्या जिन्यात कोथिंबिरीचा वास सुटला.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मामाजी स्पीकर लावतात आणि पारावरचे सगळे ऐकतात. मागच्या खेपेला मी नुसतं 'उलट्या थांबल्या' म्हटलं, तर मागून कोणीतरी 'बरं झालं माय' म्हणालं! म्हणून पत्रच बरं. पिशवी तशीही जातेच, पत्राला वेगळं तिकीट नाही.

तर बातमी अशी की तुमचे चिरंजीव गोपाल रजा घेणार आहेत. बाळ डिसेंबरच्या शेवटी येईल. तेलाच्या मिलमध्ये बापाला रजा असा काही प्रकार नाही. पण शेठ म्हणाले, बिनपगारी घे दोन महिने, तुझी जागा ठेवतो. माझी शाळा लहान, आम्ही सगळ्या मिळून सात जणी. मला सहा महिने घरी बसता येईल, पण पगार नाही. म्हणजे दोन महिने घरात कोणाचाच पगार यायचा नाही, म्हणून आत्तापासून खर्च आवळायला घेतला आहे.

तुम्ही म्हणाल, बाळंतपणात गड्याचं काय काम? आत्याबाई, पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे मला माहीत आहे. पण मलकापूरला बाबा एकटे. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा रोज फोन करून 'मी काय करू?' विचारतात आणि तेवढ्या वेळात त्यांचा चहा उतू जातो. तुम्हाला म्हैस आहे, वावरातला भाजीपाला आहे, मामाजींचा गुडघा आहे, तुम्हाला या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खरं सांगू? मला बाळंतपणाची भीती नाही. नंतर दिवसभर त्या एवढ्याशा जिवाबरोबर घरात एकटीनं राहायची भीती आहे. ते रडलं आणि मला कळलंच नाही तर? विचारायला कोणी नाही. गोपाल घरी असला तर निदान दोघं मिळून घाबरू. म्हणून मला ही रजा हवीच आहे. सुनेवर रागावू नका.

डब्यात शेव घातली आहे. मामाजींना आवडते ती, जाड.

तुमची,
योगिनी


वडगाव,
२१ सप्टेंबर

योगिनीस अंबूबाईचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेव बी पोचली. थे तुह्या मामाजीनं बसल्या बैठकीत संपवली, मले चिमूटभर भेटली.

आता तुह्या बातमीचं. काय माय! गडीमाणूस बाळंतिणीच्या घरात दोन महिने बसून काय करन? गोपाल झाला तवा तुह्या मामाजीले पोराचं तोंड बाराव्या दिवशी दाखवलं. यायनं पाह्यलं अन् म्हणे, 'याचं नाक कोणावर गेलं?' अन् चालले गेले वावरात. संपलं यायचं बापपण. अन् तुहा नवरा? थो लहानपणी मांजरीचं पिल्लू उचलताना बी डोळे मिटून घे. थो लेकराले आंघोळ घालन का लेकरू थ्याले?

असं मी लिहणार होती. पण तू लिहलं का एकटीले भेव वाटते, तवा मी चूप झाली. तुही माय असती तर तुले असं लिहा लागलं नसतं. मी आली असती पोरी, पण म्हशीचं काय करू? थे तुह्या मामाजीले आंगाले हात लावू देत नाही, बादलीसगट लाथाडते.

खर्च कमी करा, चांगली गोष्ट हाये. पण दूध, फळ अन् दवाखाना, यातलं काही तोडजो नोको. बाकी खाण्याचं तुमी इकत घेऊच नोका, मी धाडते ना! हप्त्याले एक पिशवी येत होती, आता दोन येतीन.

अन् डब्यात शेव कायले भरली? तरी पण बरं केलं. रिकामा डबा धाडू नये. आमच्या गावात रिकामं भांडं सुतकाच्या घरून येते. आपण भाजी-भाकर नेऊन देतो, त्यायच्या घरी चूल पेटत नाही, मंग भांडं तसंच परत येते. बाकी कोणी धाडत नाही. मूठभर दाणे टाकावं, पण टाकावं.

गोपालले सांगजो, माय अजून रजेले हो म्हणाली नाही. पण नाही बी म्हणाली नाही.

अंबूबाई


खामगाव,
६ ऑक्टोबर

ती. आत्याबाई,

नमस्कार. 'नाही बी म्हणाली नाही' हे मी गोपालला तीनदा वाचून दाखवलं. तो म्हणतो, आईकडून एवढं मिळणं म्हणजे लॉटरी.

आमची काटकसर जोरात आहे. माझी स्कूटी शेजारच्या अनुपमाताईंना विकली. शाळा जवळ आहे आणि डॉक्टरीणबाई चालायला सांगतातच. टीव्हीचं रिचार्ज बंद केलं. आता क्रिकेट असलं की गोपाल खिडकीत उभा राहून समोरच्यांच्या टीव्हीवर बघतो. आवाज येत नाही, म्हणून कॉमेंटरी स्वतःच करतो. शेगावची कचोरी बंद, बाहेरचा चहा बंद. आणि त्याचे केस मी घरी कापले.

केसांचं जरा जास्तच झालं. एका बाजूनं थोडे जास्त गेले, ते सारखे करायला गेले तर दुसऱ्या बाजूनं गेले. शेवटी मशीनच फिरवली. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये शेठनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, 'घरी कोण गेलं रे?' गोपाल म्हणाला, 'कोणी नाही, बायकोनं कापले.' शेठ म्हणाले, 'मग तू दोन महिने रजा घेच.'

बाळाला नवे कपडे घ्यायचे नाहीत. बाबांनी त्यांची जुनी धोतरं पाठवली, लंगोटांना पुरतील. त्याखाली आईच्या दोन सुती साड्या होत्या, दुपट्यांसाठी. मी कात्री घेऊन बसले, पण कापवल्या नाहीत. तशाच घडी घालून ठेवल्यात.

दूध, फळं सगळं व्यवस्थित चालू आहे. काळजी करू नका.

डब्यात पेढे आहेत. तुम्ही एवढं घरचं तूप पाठवता, त्या डब्यात मी मुरमुरे कशी घालू?

तुमची,
योगिनी


वडगाव,
२७ ऑक्टोबर

योगिनीस आशीर्वाद.

पेढे! बाप्पा बाप्पा! मी म्हटलं पोरं काटकसर करून राह्यले, अन् इकडे पेढे अन् दिवाळीले काजू! म्हणजे तुमचं चांगलं चालू हाये तर. मले लय बरं वाटलं. शेजारच्या धम्मशीलाबाईले दिले दोन, थे बी म्हणे सून चांगली भेटली तुले. मी म्हटलं मले ठाऊक हाये, तू पेढा खाय.

आता असे पेढे आल्यावर मी एकच डबा धाडू का? म्हणून दोन धाडले. एकात तूप, आपल्या म्हशीचं. एकात डिंक अन् खारका, आतापासून खात जाय, कमरेले बरं असते. अनारसे बी ठेवले हायेत, गोपालले आवडते. गोपालले सांग केस वाढू दे. थ्या टकलाचा फोटू कोणाले दाखवू नोको.

रजेचं मी अजून इचार करून राह्यली. धम्मशीलाबाईचा जावई पुण्याले असते, थ्यानं घेतली होती म्हणे. लेकराले पाठीवर थोपटून ढेकर काढाचा थो. मी म्हटलं खोटं बोलू नोको बाई. थे म्हणे खरंच.

तुही माय कशी होती वो? कधी बोलत नाहीस. साड्या कापजो नोको, मी पाह्यते काय कराचं थे.

अंबूबाई


खामगाव,
९ नोव्हेंबर, रविवार

ती. आत्याबाई,

नमस्कार. हे पत्र शांतपणे, बसून वाचा. घरात सगळं ठीक आहे. बाळ ठीक आहे, आतून लाथा झाडतंय, अगदी तुमच्या म्हशीसारखं.

आज आम्ही दोघं हिशेबाला बसलो होतो. कचोरी बंद, टीव्ही बंद, स्कूटी विकली, तरी रजेसाठी जेवढं बाजूला पडायला हवं त्याच्या निम्मंही पडलेलं नाही. असंच चाललं तर गोपालला दोन महिने सोडाच, पंधरा दिवससुद्धा घरी राहता येणार नाही. तो म्हणाला, 'कुठंतरी गळती आहे.' मग आम्ही शोधली. आत्याबाई, रागवायचं नाही हं, गळती तुमच्या डब्यातून आहे.

तुम्ही तूप पाठवता, मग मी शेव पाठवते. शेव बघून तुम्ही आणखी पाठवता, मग मला पेढे घ्यावे लागतात. पेढे बघून तुम्हाला वाटतं की आमचं बरं चाललंय, म्हणून दोन डबे येतात. मग मी दोन डबे भरते, काजू, चहापत्ती, मामाजींचं गुडघ्याचं तेल. प्रत्येक वेळी वाटतं की आत्याबाईंनी झाकण उघडलं की त्यांना बरं वाटलं पाहिजे. आपण दोघी अशा प्रेमानं एकमेकींना बुडवायला निघालोय! हे लिहिताना मला हसूही येतंय आणि थोडं रडूही.

म्हणून आज पहिल्यांदा दोन्ही डबे रिकामे पाठवते आहे. तुम्ही सुतकाचं लिहिलं होतं ते लक्षात आहे, म्हणून गोपालला बजावलं आहे की पत्र वरच्या डब्याच्या आत ठेव. तुम्हाला आधी पत्रच दिसायला हवं.

आणि माझ्या फोनचं रिचार्ज संपलं ते या महिन्यात भरलेलं नाही. काही काम निघालं तर गोपालला फोन करा. तो दिवसभर मिलच्या वजनकाट्यावर असतो, तिथं फोन बंद ठेवावा लागतो, पण संध्याकाळी लागतो.

रागावला नाहीत ना? ही रजा मला किती हवी आहे ते तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच एवढं धाडस केलं.

तुमची,
योगिनी


वडगाव,
१० नोव्हेंबर, दुपार

चि. गोपाल,

फोन लागत नाही म्हणून लिहून राह्यलो. दोन वाजताच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो.

सकाळच्या गाडीनं डबे आले. दोन्ही रिकामे. चिठ्ठी नाही, काही नाही. तुह्या मायनं एक उघडला, दुसरा उघडला अन् तशीच चुलीपाशी बसली. मी म्हटलं इसरले असतीन पोरं. थे म्हणे, 'गोपाल इसरन, योगिनी इसरत नाही.' सूनबाईचा फोन लावला, बंद. तुहा लावला, बंद. तव्यावर भाकर जळून गेली. मंग उठली, लुगडं बी बदललं नाही, दोन्ही डबे पिशवीत टाकले अन् भेटली त्या गाडीत बसून गेली. मी संगं येतो म्हटलं, तर म्हणे तुमच्या गुडघ्यासाठी मी थांबत नाही.

जाताना एकच म्हणून राह्यली होती का, देवा, लेकराचं काय झालं असन थे असो, माही योगिनी तेवढी धड असू दे.

अजून एक सांगतो. मले सांगू नोका म्हटलं होतं. म्हैस दसऱ्यापासून आटली हाये. तवापासून तूप धम्मशीलाबाईपासून इकत घेऊन धाडते. त्यासाठी बजारातला चहा सोडला अन् चपला बी घेतल्या नाही. पेढ्याच्या डब्यापुढं आपला डबा कमी पडू नाही म्हणे. तिच्यावर रागावजो नोको. काय झालं थे मले कळव. पारावर जात नाही, घरीच बसलो हाये.

तुहा बाप,
हिंमतराव


खामगाव,
१२ नोव्हेंबर

गोपालच्या बाबास,

सगळे धड हायेत हे परवा रातीच फोनवर सांगतलं. बाकीचं स्पीकरवर सांगासारखं नव्हतं, म्हणून लिहते. चिठ्ठी पारावर वाचजा नोका.

मी आली तर घराले कुलूप. सांगा, मले काय वाटलं असन! मले वाटलं दवाखान्यात नेलं. तशीच पायरीवर बसली, डबे मांडीवर घेऊन. डोळ्यापुढं काय काय आलं थे लिहत नाही. अन् तेवढ्यात कोपऱ्यावरून बाईसाहेब आल्या, शाळेची पिशवी खांद्याले, पोट पुढं, रमतगमत! मी उठली अन् रस्त्यातच दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवले. लोकं पाहून राह्यले होते, पाहू दे. आतून अशी लाथ बसली का माह्या हाताले कळलं. मंग मी रडली. मंग थे बी रडली, तिले काऊन रडाचं थे बी ठाऊक नव्हतं. मंग मी तिले इतकी बोलली, इतकी बोलली का तुमाले लग्नापासून कधी बोलली नसन. दिवस भरत आले अन् फोन बंद ठेवते! रिचार्ज आधी भराले लावलं.

चिठ्ठी होती वो. तिनं लिहली होती, सगळं समजावून लिहलं होतं. तुमच्या लेकानं थे शर्टाच्या खिशात ठेवली अन् डब्यात टाकाची इसरला. अन् सकाळी थेच शर्ट धुतलं. दोरीवरच्या शर्टाच्या खिशातून चिठ्ठीचा लगदा निघाला. मंग योगिनीनं मले तोंडी सांगतली, शब्दान् शब्द. पेढ्याचं बी सांगतलं. अन् तुमची चिठ्ठी आली तवा म्हशीचं बी उघडं पडलं. तुमाले पोटात काही ठेवता येत नाही का हो? मी खोटं बोलली म्हणून लाज वाटली. पण तिनं बी खोटं लिहलं होतं, फळं खाते म्हणून. टोपलीत एक केळ नव्हतं! मंग दोघी एकमेकीकडं पाहून हासलो.

पण माह्या डोक्यात निराळंच चालू हाये. शर्ट गोपालनं धुतलं. तिच्या साड्या बी थोच धुते. सकाळी कणीक भिजवते, रातच्याले तिचे पाय कोमट पाण्यात ठेवून चोळून देते, अन् हे करताना काही केलं असं तोंडावर दिसत बी नाही. आपण थ्याले शिकवलं नाही हो. मी तर थ्याले ताट उचलू दिलं नाही कधी. हे कोठून शिकला? मी पाह्यत राह्यली. थ्याची रजा आता मले बी पाह्यजे.

तर मी असं ठरवलं. म्हैस आटली हाये तर मी मोकळीच हाये! दीड महिना मी थे लपवत बसली अन् मले सुचलं नाही का आता येता येते. डिसेंबरात मी येते, लेकरू झाल्यावर सव्वा महिना राहते. तवर गोपाल कामावर जाईन, एक पगार घरात येईन. मी गेली का मंग थो महिनाभर रजेवर बसन. दोन महिन्याची गरज नाही, एका महिन्याचं जमते म्हणे, डबे बंद झाले तर. योगिनी म्हणे, 'खरंच याल?' अन् माहा हात सोडेच ना.

वांगे तुमी पाहा. भाकरीचं धम्मशीलाबाईले सांगते.

तिच्या मायच्या साड्या दुहेरी दुमडून मी गोधडी शिवून राह्यली. कात्री लावली नाही. परवा येते.

अंबूबाई


खामगाव,
२० नोव्हेंबर

ती. आत्याबाई,

नमस्कार. तुम्ही गेलात आणि घर एकदम गप्प झालं. गोपाल म्हणतो, चार दिवस शिव्या खायची सवय लागली होती. टोपलीत केळी, पेरू दोन्ही आहेत. खोटं वाटत असेल तर फोन करा, आता लागतो.

तुम्ही विचारलं होतं, माझी आई कशी होती. तेव्हा मला सांगता आलं नाही. ती फार बोलायची नाही. शाळेतून आले की माझी वेणी सोडून पुन्हा घालायची, चांगली असली तरी. काल गोधडी पांघरून पडले तर साडीचा काठ नेमका गालाशी आला. तुम्ही मुद्दाम तो वरच्या बाजूला घेतला ना? मला कळलं.

आता एक अडचण. तुमचे दोन्ही डबे इथंच राहिलेत. रिकामे पाठवले तर तुम्ही पुन्हा गाडीत बसाल. भरून पाठवले तर गळती सुरू. आता तुम्हीच काय तो नियम सांगा. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची,
योगिनी


वडगाव,
२४ नोव्हेंबर

योगिनीस आशीर्वाद.

नियम इचारलास, आता आइक.

मी तुले लिहलं होतं का रिकामं भांडं सुतकाच्या घरून येते. थे खरं हाये. पण अजून एका घरून येते, थे मी इसरली होती. मले तीन रोज झोप नाही, मंग आठवलं.

माह्या लग्नानंतर माही माय मले डबा धाडे. कधी लाडू, कधी लोणचं, कधी नुसत्या मुंगवड्या. मी थो डबा कधी भरून धाडला नाही. इथं सासूच्या हाताखाली माह्याजवळ काय होतं भराले? रिकामाच धाडत होती. बऱ्याच येळा घासला बी नसे, लाडवाचा चुरा तसाच चिकटलेला. मायनं कधी मनावर घेतलं नाही. एकडाव मी जरा शहाणी झाली अन् साखर भरून धाडली. तर माय थेट घरी आली, अन् दारातच म्हणे, 'काऊन वो, तुले परकी वाटली का मी?' रडली बाई माही.

भरलेला डबा सोयरे धाडतात. सून धाडते. लेक रिकामा धाडते.

तुही माय लवकर गेली. लग्नानंतर तुले डबा धाडणारं कोणी राह्यलं नाही, म्हणून हे तुले माहीत नसन. तुही चूक नाही. मी सांगाले पाह्यजे होतं, मले बी सुचलं नाही, मी बी सासूवानी पेढे मोजत बसली.

आता माहा डबा आला का रिकामा धाडजो. आता डब्यात तूप नाही येणार, जे घरी असन थेच येईन, चटणी असन तर चटणी. पण तू भरून धाडला तर मी गाडीत बसून येईन अन् भांडीन.

मी पंधरा तारखेले येते.

अंबूबाई


खामगाव,
८ फेब्रुवारी २०२६

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन आठवडा झाला. तुमची नात मजेत आहे. वजन वाढलं, आवाज त्याहून वाढला. नाकावरून अजून भांडण चालू आहे. बाबा मलकापूरहून येऊन गेले, तिला मांडीवर घेऊन दीड तास हलले नाहीत, शेवटी गोपालनं त्यांचा पाय चोळून दिला. चहा त्यांनीच केला आणि उतू घालवला.

गोपालची रजा सोमवारी सुरू झाली. पहिल्या दिवशी आंघोळ घालताना त्यानं खरंच डोळे मिटले होते, तुम्ही म्हणाला होता तसेच. मी ओरडले, 'अरे, डोळे उघड!' आता उघडे ठेवतो. काल ती तिन्हीसांजेला अशी रडायला लागली की दोघंही घाबरलो. मग त्यानं तिला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं आणि तिनं एवढा मोठा ढेकर दिला! धम्मशीलाबाईंना सांगा, त्यांचा जावई खरंच तसं करत असणार.

मी एकटी नाही, आत्याबाई. रात्री तिला घेऊन बसते तेव्हा मधूनमधून आठवतं की मला याचीच भीती होती. आणि तुमच्या हातच्या शेकशेगडीचा वास अजून खोलीत आहे.

डिसेंबरात तुम्ही यायच्या आधी मी तुमचे डबे परत पाठवले होते. रिकामे, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. पण घासून, उन्हात वाळवून, पुसून, आणि राहवलं नाही म्हणून एकात चार लवंगा टाकून. तुम्हाला दिसल्या असतील. तुम्ही काही बोलला नाहीत.

मंगळवारी तुमचा डबा आला, डिंकाचे लाडू. मी चार दिवसांत संपवले, गोपालला एकच दिला. आज सकाळी डबा घासायला घेतला होता. तेवढ्यात ही उठली, आणि मग मी तो नळाखालून काढून तसाच पिशवीत ठेवला.

डबा पाठवते आहे. रिकामा. घासलेला नाही.

तुमची,
योगिनी